बुडालेल्या गावची वाट

पुणे जिल्ह्यातल्या एका तालुक्याला ज्याचे नाव मिळाले ते मूळ आंबेगावच घोड नदीवरील डिंभे धरणाच्या जलाशयात बुडाले. त्यामुळे स्मृतिभ्रंशाने ग्रासलेली तिथली एखादी वृद्धा तिन्हीसांजेला पदर खोचून, नसलेल्या चुलीसाठी काटक्या वेचीत, "मला घरी न्या" म्हणू लागते, तेव्हा तिला न्यावे तरी कुठे, या प्रश्नाने जीव व्याकूळ होतो. 2007 च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यात जिल्ह्यागणिक किमान 150 निराधारांच्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे खरी. परंतु तो जिल्ह्याच्या ठिकाणी झाला, तर जुन्नर-आंबेगावच्या अशा जिवाला पुणे शहर म्हणजे परमुलूखच. अंगणात तुळस, ओसरीवर जाते आणि आपल्याच बोलीत हाक मारणारी माणसे असलेले दहा-पंधरा जणांचे निवासस्थान सरकारने घोडेगावी नि जुन्नरास, विनाविलंब, उभारावे.