हिशेब गाडीचाही ठेवूया

मैत्रिणींनो, आमची डिझेलची मोठी गाडी लिटरला १४ किलोमीटर द्यायची, ती एकदम १० वर आली. घरात लगेच निकाल लागला, ‘तू क्लचवर पाय ठेवून चालवतेस!’ मी गप्प बसले नाही. टाकी फुल्ल केली, किलोमीटर वहीत लिहिले, पुन्हा फुल्ल करून भागाकार केला. १० च! टायरमधली हवा ठीक, एअर फिल्टर स्वच्छ. मग बाजारातून आल्यावर चाकांजवळ हात नेला, तर पुढच्या डाव्या चाकाची धग लागली. ब्रेक चिकटून राहत होता! गॅरेजवाल्याने कॅलिपर मोकळा केला, अ‍ॅव्हरेज परत आलं. दुधाचा हिशेब ठेवतो ना आपण? डिझेलचाही ठेवूया. दोष नेहमी बाईच्या हातापायांतच नसतो, हे वही दाखवते.