कपड्याची लांबी कोण मोजणार?

एप्रिल-मे महिन्यात शेंदूरजनाघाटहून वरुडला स्कूटीवर निघालेली कोणतीही मुलगी बघा. डोकं, कपाळ, नाक, तोंड सगळं दुपट्ट्यात गुंडाळलेलं. हातमोजे, वरून सनकोट. उघडे फक्त डोळे. ती कोणत्या धर्माची, हे ओळखता येत नाही आणि कोणी विचारतही नाही. वऱ्हाडातलं ऊन सगळ्यांना सारखंच लागतं. वर्गात गेल्यावर चेहऱ्यावरचा दुपट्टा सुटतो, लेक्चर सुरू होतं, विषय संपतो.

आता तोच कपडा उन्हासाठी नाही, तर श्रद्धेमुळे डोक्यावर आहे असं समजा. लगेच नोटीस निघते, कोर्ट होतं, टीव्हीवर चर्चा रंगते. आणि ती मुलगी पोहायला गेली तर? मग तर भांडण थेट फ्रान्सपर्यंत जातं.

भांडण ज्या कपड्यावरून आहे तो आधी समजून घेऊ. बुर्किनी म्हणजे बुरखा आणि बिकिनी या दोन शब्दांची गंमतशीर जोडणी. ऑस्ट्रेलियात राहणाऱ्या, मूळच्या लेबनॉनच्या आहेदा झानेट्टी यांनी २००४ मध्ये तो तयार केला. बाह्या पूर्ण, पाय झाकलेले, डोक्याला टोपी. चेहरा, हात आणि पावलं मात्र उघडी. म्हणजे नावात बुरखा असला तरी हा बुरखा नाही. कापड पोहण्याच्या इतर पोशाखांसारखंच, पटकन वाळणारं. अंग झाकायचंय आणि खेळायचंही आहे, अशा मुलींसाठी तो होता. घरी बसण्यापेक्षा पाण्यात उतरता यावं, हा साधा हेतू.

फ्रान्समध्ये त्यावरून वाद पेटला तो २०१६ साली. १४ जुलैला नीस शहरात एका हल्लेखोराने गर्दीत ट्रक घातला. ८६ माणसं गेली. देश हादरलेला होता. महिनाअखेर कान शहराच्या महापौरांनी समुद्रकिनाऱ्यावर बुर्किनीला बंदी केली आणि बघता बघता सुमारे तीस गावांनी तेच केलं. २६ ऑगस्टला तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने व्हिलनव्ह-लुबे या गावाची बंदी स्थगित केली. मुद्दा सरळ होता: लोक घाबरलेत, संतापलेत, हे खरं, पण या कपड्यामुळे सार्वजनिक सुव्यवस्था बिघडते याचा पुरावा काय?

पण गोष्ट इथे संपली नाही. २०२२ मध्ये ग्रनोबल शहराच्या पालिकेने तलावाचे नियम बदलून बुर्किनीला वाट करून दिली, तेव्हा त्याच न्यायालयाने उलट बाजूने निर्णय दिला. तिथल्या तलावांवर सगळ्यांनी अंगाला घट्ट बसणारेच कपडे घालायचे असा स्वच्छतेचा नियम आहे. पुरुषांच्या ढगळ बर्म्युडालाही परवानगी नसते. मग एका गटासाठीच सूट कशी, असा सवाल होता. दोन निकाल विरुद्ध वाटतात, पण दोन्हीकडे कसोटी एकच लागली: नियम कशासाठी आहे, आणि तो सगळ्यांना सारखा आहे का?

ही कसोटी आपल्याकडे लावून बघू. आपल्या राज्यात बुर्किनीवरून असा वाद झाला नाही. झाला तो हिजाबवरून, आणि तोही आपल्यासारख्याच कॉलेजच्या पोरींचा.

मुंबईत चेंबूरला एन. जी. आचार्य अँड डी. के. मराठे कॉलेज आहे. मे २०२४ मध्ये तिथे नव्या ड्रेसकोडची सूचना विद्यार्थ्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आली. बुरखा, नकाब, हिजाब किंवा टोपी, बॅज, स्टोल असं धर्म दाखवणारं काहीही तळमजल्यावरच्या कॉमन रूममध्ये काढायचं, मगच कॉलेजात फिरायचं. विज्ञान शाखेच्या नऊ विद्यार्थिनी हायकोर्टात गेल्या. २६ जून २०२४ ला मुंबई उच्च न्यायालयाने त्यांची याचिका फेटाळली. कोर्टाचं म्हणणं असं की हा नियम सगळ्या जातीधर्मांच्या मुलांना लागू आहे. कपड्यावरून धर्म कळू नये आणि लक्ष अभ्यासावर राहावं, एवढाच त्यामागचा हेतू आहे.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी काय झालं, ते फार कमी जणांच्या लक्षात आहे. २७ जूनला याच कॉलेजने आणखी एक नोटीस काढली. फाटकी जीन्स, टी-शर्ट, जर्सी, अंग दिसेल असे कपडे: सगळं बंद. आता ही यादी हिजाबवाल्या मुलींपुरती राहिली नाही. फुटबॉलची जर्सी घालून येणारा पोरगाही तिच्यात आला. कपड्यावर बोट ठेवायचा अधिकार एकदा मिळाला की तो कुठे थांबेल, हे आधी सांगता येत नाही.

प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं. ९ ऑगस्ट २०२४ ला न्या. संजीव खन्ना आणि न्या. संजय कुमार यांनी हिजाब, टोपी आणि बॅजपुरती त्या सूचनेला स्थगिती दिली. टिकली किंवा टिळा लावून आलेल्या मुलीलाही तुम्ही अडवणार का, नावावरून धर्म कळत नाही का, असे प्रश्न न्यायमूर्तींनी कॉलेजला विचारले. पण चेहरा झाकणारा बुरखा घालून वर्गात बसायची मुभा दिली नाही.

ही रेघ महत्त्वाची आहे. डोकं झाकणं वेगळं, चेहरा झाकणं वेगळं. शिकवताना चेहरा दिसावा लागतो, परीक्षेत ओळख पटावी लागते. आपणही वर्गात गेल्यावर दुपट्टा सोडतोच ना! कारण सांगता येतं, म्हणून ते पटतंही. केस झाकल्याने शिकण्यात नेमका काय अडथळा येतो, याचं असं साधं उत्तर मिळत नाही.

देशपातळीवर मात्र प्रश्न अजून लटकलेलाच आहे. उडुपीतून सुरू झालेल्या वादात १५ मार्च २०२२ ला कर्नाटक हायकोर्टाने हिजाबबंदी कायम ठेवली. १३ ऑक्टोबर २०२२ ला सुप्रीम कोर्टात दोन न्यायमूर्तींचं मत विभागलं: न्या. हेमंत गुप्ता बंदीच्या बाजूने, न्या. सुधांशू धुलिया विरोधात. न्या. धुलिया यांनी मुलीच्या शिक्षणाचा मुद्दा सगळ्यात पुढे ठेवला होता.

आता दुसरी बाजू. ती झटकून टाकता येत नाही. बंदीचे समर्थक म्हणतात, ‘निवड’ हा शब्द फसवा आहे. घरून दबाव असेल, मोहल्ल्यात नावं ठेवली जात असतील, तर ती निवड कसली? प्रश्न खरा आहे. महाराष्ट्रात तो एका मराठी मुसलमानानेच मोठ्याने विचारला होता. चिपळूणच्या हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुस्लिम महिलांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला आणि १९७० मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. इराणमध्ये तर सक्ती सरकारचीच. हिजाब ‘नीट’ घातला नाही म्हणून पकडलेल्या महसा अमिनीचा सप्टेंबर २०२२ मध्ये मृत्यू झाला आणि मुली रस्त्यावर उतरल्या.

पण दलवाईंच्या मोर्चात त्या सात बायका स्वतः चालल्या होत्या, बोलल्या होत्या. तेहरानच्या मुलींनी स्कार्फ स्वतः काढला. बंदीत असं होत नाही. मुलीवर घरून खरंच दबाव असेल, तर गेटवर हिजाब उतरवायला लावल्याने तो दबाव कमी होणार नाही. उलट घरचे म्हणतील, ‘मग राहू दे कॉलेज.’ ज्या जागी तिला मैत्रिणी भेटल्या असत्या, वेगळा विचार करता आला असता, तीच जागा बंद. तलावाचंही तेच. बुर्किनी नको म्हटलं की ती मुलगी स्विमिंग कॉस्च्युम घालून येईल असं नाही. ती काठावरही येणार नाही.

आणि गंमत बघा, आपल्या शेजारी गोव्यात २०१४ मध्ये नेमकी उलटी मागणी झाली होती. तेव्हाचे मंत्री सुदिन ढवळीकर यांनी किनाऱ्यावर बिकिनी नको, असं म्हटलं होतं. कारण दिलं संस्कृतीचं. फ्रान्समध्ये कपडा जास्त, गोव्यात कमी. दोन्हीकडे टेप बाईच्याच अंगाला लागला.

तलावावर नियम हवेतच. सुती कपड्याचे धागे सुटतात, फिल्टरमध्ये अडकतात, म्हणून नायलॉन-लायक्रा पाहिजे, आधी शॉवर घ्या, टोपी घाला. हे सगळं कबूल. पण तो नियम कापडाचा झाला. लांबीचा नाही आणि धर्माचाही नाही.

खरं तर आपल्याकडचा प्रश्न त्याच्याही आधीचा आहे. गावातली पोरं विहिरीत उड्या मारून पोहायला शिकतात. किती मुलींना येतं पोहता? हिंदू, बौद्ध, मुस्लिम, कोणत्याही घरातल्या? ‘लोक बघतील’ हे वाक्य सगळ्याच घरांत बोललं जातं. पूर्ण अंग झाकणारा पोहण्याचा पोशाख मिळाला आणि चालला, तर आपल्या भागात तो मागणाऱ्या मुली एकाच धर्माच्या असतील असं मला वाटत नाही.

या वर्षी प्रवेश घेतलेल्यांनी एक काम करा. कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत ड्रेसकोडचं पान असेल तर काढून वाचा. त्यातल्या प्रत्येक नियमाला तीन प्रश्न विचारा. याने कोणाचं काय नुकसान टळतं? हा सगळ्यांना सारखा आहे का? आणि हा लागू झाला, तर कोणती मुलगी उद्यापासून यायची बंद होईल? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरं कॉलेज देईलच. तिसऱ्याचं उत्तर तुमच्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला विचारा.