पाळण्याची दोरी दोघांच्या हाती

दीड महिन्याच्या लशीसाठी बाळाला दवाखान्यात नेले की त्याचे वजन होते, कार्डावर नोंद होते, पुढची तारीख मिळते. सोबत आलेल्या आईला दूध पुरते का, टाके भरून आले का, एवढे विचारले जाते. तिला झोप मिळते का, मन थाऱ्यावर आहे का, हे सहसा कोणी विचारत नाही. बाबा बहुधा बाहेर गाडीपाशी थांबलेले असतात. पेढे वाटून झालेले असतात, बारसे थाटात पार पडलेले असते. अशा वेळी ‘तुम्ही दोघे कसे आहात?’ हा प्रश्न विचारणाऱ्यालाच अवघड वाटतो. मूल झाले म्हणजे आनंदी आनंदच, असे आपण धरून चालतो.

हे गृहीतक खरे आहे का, याचा शोध शास्त्रज्ञ बरीच वर्षे घेत आहेत. मुले असलेल्यांची आणि नसलेल्यांची नुसती तुलना करून उत्तर मिळत नाही. ज्यांचे आधीपासूनच बरे चालले आहे तेच मूल होऊ देत असतील, तर त्यांचे समाधान मुलामुळे आले की मुळातच होते, हे कळणार कसे? म्हणून त्याच माणसांना वर्षानुवर्षे तोच प्रश्न विचारावा लागतो. जर्मनीत १९८४ पासून दरवर्षी होणारे असे एक मोठे सर्वेक्षण आहे. ‘एकंदरीत आयुष्याबद्दल तुम्ही किती समाधानी आहात?’ असे विचारून शून्य ते दहा यांपैकी एक आकडा सांगायला लावतात.

या आणि ब्रिटनमधील अशाच माहितीचा अभ्यास मिको मिर्स्किला आणि रेचल मार्गोलिस यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यातून उमटलेले चित्र असे : पहिल्या मुलाच्या जन्माच्या आधीपासूनच समाधान वाढू लागते, जन्माच्या सुमारास ते शिखर गाठते आणि मग उतरत जाऊन साधारण पूर्वीच्या पातळीवर येते. स्त्रियांमध्ये हा चढ अधिक उंच असतो आणि उतारही अधिक तीव्र. वयाने थोडे मोठे आणि अधिक शिकलेले आईबाबा या प्रवासात अधिक समाधानी आढळले. दुसऱ्या मुलाच्या वेळी आनंदाची वाढ पहिल्यापेक्षा कमी दिसली, तिसऱ्याच्या वेळी जवळपास दिसलीच नाही.

त्याच दोघांचा २०१५ मधला अभ्यास मात्र जगभर गाजला. पहिल्या मुलानंतरच्या वर्षात २,०१६ जर्मन आईबाबांचे समाधान जन्माआधीच्या तुलनेत सरासरी १.४ अंकांनी घसरले होते. मूल होणे हे घटस्फोटापेक्षा वाईट, अशा मथळ्यांच्या बातम्या त्यावरून झाल्या. या मथळ्यांनी दोन गोष्टी झाकल्या. एक म्हणजे, ही घसरण बाळाची वाट पाहण्याच्या सुखाच्या उंचीवरून मोजलेली होती. दुसरे, सुमारे ३० टक्के आईबाबांचे समाधान घटले नव्हते, काहींचे तर वाढले होते. म्हणजे मूल झाले की माणूस दुःखी होतो, असा याचा अर्थ नाही. पण पहिले वर्ष अनेकांना फार जड जाते, हे नाकारता येत नाही. ज्यांना ते जास्त जड गेले, ते दुसऱ्या मुलाकडे कमी प्रमाणात वळले, असेही त्या अभ्यासात दिसले.

हे ओझे दोघांवर सारखे नसते. झोपेचेच पाहा. जर्मनीतील त्याच सर्वेक्षणावर आधारलेल्या २०१९ च्या अभ्यासानुसार, बाळ तीन महिन्यांचे असताना पहिलटकरणीची रोजची झोप सुमारे तासाभराने कमी झालेली होती, वडिलांची पाव तासाने. आणि सहा वर्षांनंतरही दोघांची झोप पूर्वीइतकी झालेली नव्हती. त्याच वर्षी अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञांनी १८ हजारांहून अधिक लोकांच्या माहितीवरून दाखवले, की पालकत्वातून मिळणारे समाधान आईपेक्षा बाबांच्या वाट्याला अधिक येते. याचे एक कारण घराघरांत दिसणारे आहे. मुलासोबतच्या वेळात बाबांच्या वाट्याला खेळणे जास्त येते. भरवणे, धुणे, निजवणे, आजारपणात जागणे आईकडे जाते. मूल एकच, पण आईचा दिवस आणि बाबांचा दिवस वेगवेगळे.

म्हणून बाबा मजेत असतात असेही नाही. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ४३ अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणात बायकोच्या गरोदरपणात किंवा बाळंतपणानंतर दहापैकी एका पुरुषात नैराश्याची लक्षणे आढळली होती. आपल्याकडे ‘खर्च वाढला, टेन्शन आहे’ या एका वाक्यात हे सगळे झाकले जाते. मुलाला सांभाळणे पुरुषाच्या स्वभावातच नाही, ही समजूतही तपासून पाहावी अशी आहे. फिलिपिन्समधील सेबू येथे ६२४ पुरुषांचा पाठपुरावा करण्यात आला. बाप झालेल्यांच्या शरीरातील टेस्टोस्टेरॉनची पातळी उतरली आणि दिवसाला तीन तास किंवा अधिक वेळ मुलाला सांभाळणाऱ्यांमध्ये ती सर्वांत कमी होती. मुलाची काळजी घेणाऱ्या बापाचे शरीरही त्या कामाला प्रतिसाद देते.

मग समाधान घटते ते मुलामुळे की मूल वाढवण्याच्या परिस्थितीमुळे? जेनिफर ग्लास आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये २२ देशांची तुलना करून याचे उत्तर शोधले. मुले असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या आनंदातील तफावत अमेरिकेत सर्वाधिक होती. तेथे पगारी बाळंतपणाच्या रजेचा देशव्यापी कायदा नाही आणि पाळणाघर महाग. जेथे पगारी रजा, कामाच्या वेळेत लवचीकता आणि परवडणारी पाळणाघरे होती, तेथे ही तफावत उरली नाही. काही देशांत आईबाबाच अधिक आनंदी होते. या सोयींमुळे मुले नसलेल्यांचा आनंद कमी झाल्याचेही दिसले नाही. स्वीडनने १९७४ मध्येच आईची रजा ‘आईबाबांची रजा’ केली. आज तेथे प्रत्येक मुलामागे ४८० दिवस मिळतात आणि त्यांतले ९० दिवस एकेका पालकासाठी राखीव असतात. ते दुसऱ्याला देता येत नाहीत.

आपल्याकडे काय आहे? २०१७ च्या दुरुस्तीने संघटित क्षेत्रातील आईला पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा मिळाली. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक झाले. केंद्र सरकारी नोकरीतील बाबांना १५ दिवस मिळतात. खासगी नोकरीतील बाबांसाठी देशव्यापी कायदाच नाही. शेतावर, बांधकामावर, घरकामाला जाणाऱ्या बाईला या २६ आठवड्यांचा काही उपयोग नाही. तिच्यासाठी पहिल्या बाळाला पाच हजार रुपयांची मातृवंदना योजना आहे. २०२४ च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात १५ ते ५९ वयोगटातील ४१ टक्के स्त्रिया आणि अवघे २१.४ टक्के पुरुष घरातल्यांची काळजी घेण्याच्या कामात दिसले. त्यातही स्त्रियांचे रोजचे १४० मिनिटे, पुरुषांचे ७४.

आपल्याजवळ एक जुनी व्यवस्था आहे : पहिले बाळंतपण माहेरी. सव्वा महिना विश्रांती, मालिश, शेकशेगडी, डिंकाअळिवाचे लाडू. बाळंतिणीला चार हात मिळतात आणि झोपही मिळते. ज्यांना हे मिळते त्या नशीबवान. पण या व्यवस्थेत बाबा पाहुणा असतो. रविवारी येतो, बाळाला दोन मिनिटे हातात धरतो आणि मान सावरायची कशी या धास्तीने परत देतो. दोन-तीन महिन्यांनी आई बाळाला घेऊन घरी येते तेव्हा तिला सगळे येत असते आणि त्याला काहीच येत नसते. ‘राहू दे, तुला जमणार नाही’ हे वाक्य तिथून सुरू होते आणि वर्षानुवर्षे चालते. माहेरचा आधार सोडू नये. त्यात बाबांनाही शिकायला जागा करावी. ढेकर काढणे, लंगोट बदलणे, रात्रीची एक पाळी सांभाळणे, लशीच्या तारखा लक्षात ठेवणे यांसाठी अंगावर पाजावे लागत नाही.

हा केवळ कामाच्या वाटणीचा प्रश्न नाही. भारतातील ३८ अभ्यास एकत्र पाहिल्यावर बाळंतपणानंतरच्या नैराश्याचे प्रमाण २२ टक्के, म्हणजे जवळपास पाच आयांमागे एक, असे आढळले. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात २७० मातांचा पाठपुरावा करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात हे प्रमाण २३ टक्के होते. धोका कोणाला अधिक होता? गरिबीत असलेल्यांना, नवऱ्याशी संबंध बिघडलेल्यांना आणि मुलगा हवा असताना मुलगी झालेल्यांना. यातले कोणतेच कारण बाळाने आणलेले नाही.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस रडू येणे, चिडचिड होणे नेहमीचे आहे. ते बहुधा दोन आठवड्यांत ओसरते. त्यापुढेही उदासी राहिली, बाळ झोपले तरी झोप लागेना, बाळाविषयी काही वाटेना, किंवा स्वतःला वा बाळाला इजा करण्याचे विचार येऊ लागले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. इजेचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. ‘टेली-मानस’ची १४४१६ ही मोफत हेल्पलाइन मराठीतही बोलते.

सरकारने बाबांच्या पगारी रजेचा कायदा करावा, पाळणाघरांची तरतूद कागदावरून प्रत्यक्षात आणावी, ही मागणी योग्यच आहे आणि ती लावून धरायला हवी. पण एका गोष्टीसाठी कायद्याचीही गरज नाही. दवाखान्यात बाळंतपण झालेल्या घरी आशाताई ४२ व्या दिवसापर्यंत सहा वेळा जाते. दीड महिन्याच्या लशीला आई दवाखान्यात येतेच. बाळाचे वजन करताना तिला दोन प्रश्न विचारावेत : गेल्या महिन्यात सतत उदास वाटले का? कशातच मन लागत नाही असे झाले का? उत्तर ‘हो’ असेल तर तिला घरी न पाठवता डॉक्टरांपुढे बसवावे. आणि बाहेर गाडीपाशी थांबलेल्या बाबांनाही आत बोलवावे.