पहाटेची शिट्टी आणि घरचा डबा



गेल्या महिन्यात आमच्या शाळेतल्या पीटीच्या बाई मधल्या सुट्टीत डबा न उघडताच बसल्या होत्या. विचारलं तर म्हणाल्या, "मुलींच्या हॉकी संघाला शिकवायला बोलावलंय. सकाळी सहा ते आठ, संध्याकाळी पाच ते सात. स्पर्धा असली की आठ-दहा दिवस बाहेरगावी. घरी कसं सांगू?"

खरं सांगते, मी पटकन म्हणाले, "नाही म्हणून टाका. मुलगा अजून दुसरीत आहे." संध्याकाळी कुकर लावताना मात्र मनात आलं, हेच बोलावणं त्यांच्या यजमानांना आलं असतं, तर मी पेढे मागितले असते!

हॉकी आपल्या पुण्याला नवी नाही. धनराज पिल्ले खडकीचे. वडील ऑर्डनन्स फॅक्टरीच्या मैदानाची देखभाल करत. मुंबईत खेळणाऱ्या थोरल्या भावानं, रमेश यांनी, धनराजना तिकडे नेलं आणि पुढे ते १९९२ ते २००४ अशी चार ऑलिंपिक खेळले. पुण्याच्याच एलिझा नेल्सन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय मुलींनी १९८२ च्या दिल्लीतल्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं. खेळाडूच्या पाठीशी घरचं माणूस लागतं, हे आपण जाणतोच. पण शिकवणाऱ्या बाईच्या पाठीशीही ते लागतं, हे आपण विसरतो.

हरियाणातल्या सोनीपतच्या प्रीतम सिवाच यांचंच पाहा. मुलगा तान्हा असताना त्या पुन्हा मैदानात उतरल्या आणि २००२ च्या राष्ट्रकुल स्पर्धेतल्या सुवर्णविजेत्या संघात खेळल्या. मग सोनीपतलाच मुलींना शिकवू लागल्या. यजमान कुलदीप हेही प्रशिक्षक, त्यामुळे मैदान दोघांचं आणि घरही दोघांचं. मुलगा-मुलगी दोघंही हॉकीच खेळतात. त्यांच्या हाताखालच्या नेहा गोयल आणि निशा वारसी २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकमध्ये खेळल्या. आपल्या मुली तिथे चौथ्या आल्या! त्याच वर्षी प्रीतमताईंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला.

नेहाची आई सायकलच्या कारखान्यात राबणारी. अशा घरातली मुलगी हेरणं म्हणजे नुसता तिचा वेग पाहणं नव्हे. "पोरीला पाठवा, मी सांभाळीन," असं तिच्या आईला सांगावं लागतं. ते काम एखादी आईच चांगलं करू शकते, नाही का?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी बाईंची माफी मागितली आणि आम्ही दोघींनी कागद घेऊन हिशेब मांडला. तुमच्याही घरी अशी वेळ आली, तर उपयोगी पडेल.

आधी आठवड्याचं वेळापत्रक लिहून स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावा. "जमेल तसं करू" म्हटलं की सगळं आपल्याच अंगावर येतं. सकाळचा डबा कोण भरणार, मुलाला शाळेतून कोण आणणार, ताप आला तर रजा कोण घेणार, हे नावानिशी ठरवा. भाजी रात्रीच निवडून, चिरून ठेवा. सकाळी पोळ्या तेवढ्या राहतात, आणि पोळ्या पुरुषांनाही येतात बरं! मानधन किती आणि केव्हा मिळणार, हे आधीच स्पष्ट विचारा. हाती येईपर्यंत घरखर्चात धरू नका. आठवड्यातला एक दिवस मात्र घराचा, त्या दिवशी हॉकीचा विषय नाही.

आणि सासूबाईंना एकदा मैदानावर न्याच. बाईंनी नेलं. चिखलानं माखलेल्या वीस मुली "बाई, बाई" करत भोवती जमल्या, तशी त्या माउली म्हणाल्या, "अगं, यांना कुणी खायला देतं की नाही?" पुढच्या रविवारी त्यांनी स्वतः गूळ-शेंगदाण्याचे लाडू वळून पाठवले.

अवघड दिवस येणारच. पहिल्याच स्पर्धेला मुलगा फोनवर रडला आणि बाई रात्रभर जागल्या. सध्या दिवाळीपर्यंत करून पाहायचं ठरलंय. मग सगळ्यांनी बसून पुन्हा बोलायचं, मुलानंसुद्धा.

तुमच्या ओळखीत कुणी असा विचार करत असेल, तर माझ्यासारखी घाई करू नका हं. आधी एवढंच विचारा, "घरी कोण कोण मदतीला आहे?"