उतारावरचें गवत आणि घरचा ट्रॅक्टर

‘यंत्र’ या शब्दाच्या मुळाशीं ‘यम्’ म्हणजे आवरून धरणें हा धातु आहे, हें मीं शाळेंत मुलांस किती वेळां सांगितलें असेल! पण त्या व्युत्पत्तीचें मर्म मला कळलें तें निवृत्तीनंतर, रत्नागिरीकडील आमच्या वडिलार्जित आंब्याच्या बागेंत. जें आवरतां येत नाहीं, त्यास यंत्र कसें म्हणावें?

कोंकणांतील वरकस जमिनींत पावसाळा सरतांना कमरेइतकें गवत माजतें. तें वेळेवर कापून दूर केलें नाहीं, तर फाल्गुनांत एका ठिणगीनें वणवा लागतो व पिढीजात कलमें करपून जातात. पूर्वीं बेणणीस पुष्कळ गडी मिळत. आतां मिळत नाहींत. म्हणून आमच्या घरीं २० अश्वशक्तीचा लहान ट्रॅक्टर आला. दोन वर्षांपूर्वीं मार्गशीर्षांत, सकाळच्या दंवांत, माझे धाकटे बंधु उतारास आडवे जात असतां तो घसरला आणि खालच्या जांभ्याच्या गडग्यास अडून एका कुशीवर राहिला. बंधूंचा पाय मोडला. आजोबांनीं रचलेला तो गडगा तेथें नसता, तर काय झालें असतें याचा विचारही घरांत कोणी करूं इच्छीत नाहीं.

यंदा पुतण्या म्हणाला, “काका, टायर अजून एक हंगाम चालतील. तो पैसा घालून गवत कापण्याचें सहा फुटी यंत्र घेऊं, म्हणजे काम लवकर उरकेल.” मीं म्हटलें, “बाळ, आधीं उतार मोजूं. मग दुकानाची वाट धरूं.”

उतार मोजण्यास मोठें साहित्य लागत नाहीं. १० फुटांची सरळ काठी घ्यावी. तिचें एक टोक चढाकडे जमिनीस टेकवून ती पाणसळीनें समतल धरावी व दुसऱ्या टोकापासून ओळंबा सोडावा. टोकापासून जमिनीपर्यंत २ फूट ८ इंच भरले, कीं उतार १५ अंशांचा झाला. वर बसून चालविण्याच्या गवतयंत्रांसाठीं सामान्यतः हीच मर्यादा सांगतात. पण ती गुळगुळीत जमिनीची समजावी. चाकांमध्यें ४ फूट अंतर असेल आणि चढाकडचें चाक ६ इंच उंच दगडावर चढलें, तर आडवें जातांना कल सुमारें ७ अंशांनीं वाढतो. म्हणजे १० अंशांचा निरुपद्रवी वाटणारा उतार क्षणांत १७ अंशांचा होतो. गवतांत दगड दिसत नाहीं, हें निराळें सांगावयास नको.

आतां टायरांविषयीं. हिरवळीसाठीं केलेले उथळ नक्षीचे रुंद टायर गवतास जपतात, पण ओल्या उतारावर धरून राहत नाहींत. आपणांस खोल, तिरप्या दांत्यांचे शेतीचेच टायर हवेत. आमच्या ट्रॅक्टराचे दांते अर्धेअधिक झिजले होते. अपघाताचें एक कारण तेंच. मागच्या टायरांत पाऊण भागापर्यंत पाणी भरल्यास वजन खालीं राहतें व पकड वाढते. दोन्हीं बाजूंची हवा सारखी ठेवावी, कारण उताराकडचा टायर मऊ पडला तर कल आणखी वाढतो. ट्रॅक्टराची रचना तशी असेल, तर मागचीं चाकें बाहेर सरकवून त्यांमधील अंतरही वाढवावें.

यंत्राची रुंदी शेवटीं ठरवावी. फुटास सुमारें ५ अश्वशक्ति असा ढोबळ हिशेब आहे. त्याप्रमाणें आमच्या ट्रॅक्टरास ४ फुटी यंत्र पुरे. यंत्राची रुंदी मागच्या चाकांच्या बाहेरच्या कडांइतकी असली म्हणजे चाकांखालीं दबलेलें गवतही कापलें जातें. त्याहून फार रुंद यंत्र खडबडीत जमिनीवर उंचवटे खरवडतें आणि खळग्यांतलें गवत तसेंच सोडतें. शिवाय मागचें ओझें जड झालें, कीं चढ चढतांना पुढचीं चाकें हलकीं होतात व ट्रॅक्टर वळविल्या दिशेस वळत नाहीं. यासाठीं पुढें वजन बांधावें व यंत्र जमिनीलगत ठेवावें.

एक चूक मात्र आमची स्वतःची होती. चालकाच्या मागची लोखंडी चौकट फांद्यांस अडते, म्हणून आम्हीं ती दुमडून ठेविली होती. स्वीडन देशानें नव्या ट्रॅक्टरांवर अशी चौकट १९५९ सालीं सक्तीची केली, आणि पुढें तेथें ट्रॅक्टर उलटून होणारे मृत्यु फारच कमी झाले. आतां आम्हीं आड येणाऱ्या फांद्या छाटल्या आहेत. चौकट उभी असते व चालक कमरेचा पट्टा बांधतो. दंव सुकल्यावांचून काम सुरू होत नाहीं. ट्रॅक्टर उतारास आडवा न नेतां सरळ वरखालीं नेतों, आणि उतरण्यापूर्वींच खालचा गिअर टाकतों.

मोजणीअंतीं बागेचा वरचा भाग ८ अंशांचा, मधला १२ अंशांचा व गडग्यालगतचा पट्टा २२ अंशांचा निघाला. टायर नवे घेतले, यंत्र ४ फुटी घेतलें. गडग्यालगतचा पट्टा विळ्यासाठीं राखला आहे. तेथील बेणणीस चार दिवस अधिक लागतात व मजुरीही पडते. पुतण्यानें प्रथम कुरकुर केली. पण वडील काठी टेकीत बागेंत आलेले पाहिले, कीं तो गप्प होतो.

ज्या वाचकांची जमीन डोंगरउतारावर आहे, त्यांनीं दुकानांत जाण्यापूर्वीं एक सकाळ काठी आणि ओळंबा घेऊन आपल्या बागेंत घालवावी, एवढेंच सुचवितों.