न्यायमूर्तींचे पूर्वायुष्य आणि पूर्वीचे निवाडे

जुलै २०२५ च्या अखेरीस सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायवृंदाने मुंबई उच्च न्यायालयासाठी तीन नावांची शिफारस केली. त्यांत ॲडव्होकेट आरती साठे यांचे नाव होते. २०२३ मध्ये त्या भारतीय जनता पक्षाच्या महाराष्ट्र प्रवक्त्या होत्या, ही बाब आमदार रोहित पवार यांनी पुढे आणली आणि मोठा वाद झाला. जानेवारी २०२४ मध्येच त्यांनी राजीनामा दिल्याचा खुलासा पक्षाने केला. ऑगस्टमध्ये नेमणूक झाली व वाद थंडावला. प्रश्न मात्र संपला नाही.

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या आमच्या वाचकांना हा मुंबईतील वकिलांचा विषय वाटेल. तसे नाही. त्याच ऑगस्टमध्ये कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले. परंतु पुणे जिल्हा त्यात नाही. भोसरी, चाकण वा तळेगावच्या कामगाराचे प्रकरण कामगार न्यायालयातून वर गेले, की आजही मुंबईलाच जाते.

तेथे कोण बसले आहे याने किती फरक पडतो, याचे उदाहरण कंत्राटी कामगारांचेच आहे. कंत्राटी कामगार कायदा १९७० चा. सरकारने एखाद्या कामातील कंत्राटपद्धत रद्द केली, तर त्या कामगारांचे काय, याविषयी तो कायदा मूक होता. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींनी एअर इंडियाच्या प्रकरणात ठरविले, की असे कामगार आपोआप मूळ मालकाचे कामगार होतात. ३० ऑगस्ट २००१ रोजी पाच न्यायमूर्तींनी स्टील अथॉरिटीच्या प्रकरणात तो निवाडा रद्द ठरविला: आपोआप काही होत नाही, कंत्राट हा निव्वळ देखावा होता, हे कामगाराने सिद्ध करावे. अवघ्या पाच वर्षांत कायद्याचा एक शब्दही न बदलता कामगारांचे दैव बदलले. मोठ्या पीठाला लहान पीठाचा निर्णय फिरविण्याचा अधिकार आहे, हे आम्हांस मान्य आहे. तथापि ज्याने पहिल्या निवाड्याच्या भरवशावर खटला उभा केला, त्याला हा अधिकार कोणत्या शब्दांत समजवावा?

आता तर पाटी बरीचशी कोरी होत आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या व तो जुना कायदा त्यांत विलीन झाला. नव्या कलमांचा अर्थ लावताना जुने निवाडे कितपत धरायचे, हे आज नेमले जाणारे न्यायमूर्तीच ठरविणार आहेत.

यात आपण ख्रिस्ती लोक केवळ प्रेक्षक नाही. १९७८ च्या बंगळूर पाणीपुरवठा निवाड्याने रुग्णालये व शाळाही ‘उद्योग’ ठरल्या. त्यांत आपल्या संस्थाही आल्या. नव्या संहितेने धर्मादाय सेवा करणाऱ्या संस्थांना त्या व्याख्येतून वगळले आहे. व्यवस्थापक म्हणून आपल्यापैकी काहींना हायसे वाटले असेल. पण त्याच रुग्णालयातील आया आणि वॉर्डबॉय रविवारी आपल्याच शेजारी मिस्साला बसतात, हेही विसरू नये.

तो १९७८ चा निवाडा लिहिणारे न्यायमूर्ती कृष्ण अय्यर १९५७ च्या केरळमधील कम्युनिस्ट मंत्रिमंडळात मंत्री होते. राजकारणातून आलेला न्यायाधीश नकोच, असे म्हणणाऱ्यांनी आधी त्यांचे काय करायचे ते सांगावे. आमच्या मते राजकीय पूर्वायुष्य हा अपराध नव्हे. परंतु अय्यर यांचे मंत्रिपद १९५९ मध्ये संपले व ते न्यायासनावर बसले १९६८ मध्ये. साठे यांच्या बाबतीत हे अंतर दीड वर्षाचे आहे. पक्षाची बाजू मांडणे हेच ज्याचे काम होते, त्याच्यासाठी हा अवधी अपुरा आहे, असे आम्ही स्पष्टपणे म्हणतो. हीच मोजपट्टी उद्या दुसऱ्या पक्षाच्या प्रवक्त्यालाही लावू.

कारण आज मोजपट्टीच एक नाही. ॲडव्होकेट सोमशेखर सुंदरेशन यांच्या नावाला, त्यांनी समाजमाध्यमांवर मते मांडली म्हणून सरकारने आक्षेप घेतला. न्यायवृंदाने जानेवारी २०२३ मध्ये शिफारस पुन्हा केली, तरी नेमणूक नोव्हेंबरात झाली. उलट व्हिक्टोरिया गौरी यांच्या ख्रिस्ती व मुस्लिम समाजांविषयीच्या वक्तव्यांवर आक्षेप असूनही ७ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांचा मद्रास उच्च न्यायालयात शपथविधी झाला. त्याच दिवशी सर्वोच्च न्यायालयाने याचिका फेटाळली. पात्रता न्यायालय तपासू शकते, योग्यता नव्हे, असे म्हटले. मग योग्यता कोणी तपासावी? न्यायवृंद बंद दाराआड बसतो, आणि सरकारहाती सूत्रे दिली तर काय होते ते १९७३ मध्ये दिसले आहे. केशवानंद भारती निकालानंतर तिघा ज्येष्ठांना डावलून न्यायमूर्ती रे यांना सरन्यायाधीश केले गेले, तेव्हा न्यायाधीशाचे तत्त्वज्ञान पाहणे हा सरकारचा अधिकार आहे, असे मंत्री कुमारमंगलम यांनी लोकसभेत समर्थन केले होते.

चाकण ज्या खेड तालुक्यात आहे, त्याच तालुक्यातील कन्हेरसर हे चंद्रचूड घराण्याचे गाव. आणीबाणीत, १९७६ मध्ये, नागरिकांचे स्वातंत्र्य नाकारणाऱ्या बहुमतात न्यायमूर्ती यशवंतराव चंद्रचूड होते. २०१७ मध्ये त्यांचे पुत्र धनंजय यांनी तो निवाडा चुकीचा ठरविला. पूर्वनिवाड्याचा आदर म्हणजे आंधळी पूजा नव्हे, याचा एवढा बोलका दाखला दुसरा नसेल.

याच धनंजय चंद्रचूड यांनी ऑक्टोबर २०२४ मध्ये कन्हेरसरला सांगितले, की अयोध्या प्रकरणात मार्ग सापडावा म्हणून आपण देवासमोर बसलो होतो. त्यांच्यावर टीका झाली. न्यायाधीशाने प्रार्थना करावी याचे आम्हां धर्मगुरूंना वावगे कसे वाटेल? शलमोनाने तेच मागितले होते. परंतु हरलेल्या पक्षकाराला न्यायाधीशाची प्रार्थना वाचता येत नाही, निकालपत्र वाचता येते. आणि त्यातील कारणे अन्य श्रद्धेच्या माणसालाही पटण्याजोगी असावी लागतात.

उच्च न्यायालयातील अतिरिक्त न्यायाधीशाची मुदत जास्तीत जास्त दोन वर्षांची असते. कायम करताना न्यायवृंद निवाडे पाहतो. २०२१ मध्ये नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती पुष्पा गनेडीवाला यांनी पोक्सो कायद्यान्वये दिलेल्या निकालांनंतर त्यांना कायम करण्याची शिफारस मागे घेण्यात आली. साठे यांचेही निवाडे मुंबई उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही उघडून वाचता येतात. आपल्या धर्मग्रामांत वकील आहेत, कामगार संघटनांचे कार्यकर्ते आहेत. त्यांनी ते वाचावेत व आम्हांस लिहावे, आम्ही छापू.