चुलीजवळची जागा

डिसेंबर अर्धा सरला की महाराष्ट्रातील घरांचे वेळापत्रक नकळत बदलते. निफाडच्या परिसरात पारा उतरू लागताच द्राक्षबागायतदार पहाटे बागेत ठिकठिकाणी शेकोट्या पेटवतात. खानदेशात कापूस वेचून झालेल्या पऱ्हाट्या बांधावर रचल्या जातात. रायगडच्या शेतांत वालाच्या शेंगा भरू लागतात. अंधार लवकर पडतो, गारठा अंगाला झोंबतो आणि एरवी घराच्या चार कोपऱ्यांत विखुरलेली माणसे स्वयंपाकघराच्या दिशेने सरकू लागतात. घरातील सर्वांत उबदार जागा तीच असते. वैशाखात ज्या जागेपासून सगळे दूर पळतात, तिथेच पौषात पाट मांडण्यासाठी चढाओढ लागते.

आपल्या पूर्वजांनी ऋतूचा हा स्वभाव ओळखून आहाराची आखणी केली होती. हेमंतात जठराग्नी प्रदीप्त असतो, त्याला स्निग्ध आणि पौष्टिक अन्न द्यावे, असे आयुर्वेदातील ऋतुचर्या सांगते. तीळ, गूळ, बाजरी, लोणी, नवा हरभरा हे सारे याच दिवसांचे. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, म्हणजे साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंतचा काळ, आपल्याकडे धुंधुरमास म्हणून पाळला जातो. पहाटे उठून स्वयंपाक करायचा, सूर्योदयाच्या सुमारास नैवेद्य दाखवायचा आणि साऱ्या घराने एकत्र बसून जेवायचे, हा त्याचा साधा विधी. मुगाच्या डाळीची खिचडी, तीळ लावलेली बाजरीची भाकरी, त्यावर लोण्याचा गोळा. महिनाभर जमले नाही तरी एक दिवस तरी धुंधुरमास करावा, असा जुन्या घरांचा आग्रह असे. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. त्या दिवशीच्या भाजीत पावटा, हरभऱ्याचे सोलाणे, गाजर, वांगी, शेंगदाणे, बोरे, उसाचे करवे आणि तिळाचे कूट असे शिवारात पिकलेले सारे एकत्र नांदते. अनेक घरांत या भाजीला लेकुरवाळी म्हणतात. भाजीच्या नावातही भरल्या घराची आठवण ठेवणारा हा समाज आहे.

घराबाहेर पडले की हिवाळ्यातील अन्नाचे आणखी एक रूप दिसते, आणि ते अधिक विचार करण्यासारखे आहे. जळगाव जिल्ह्यात भरताची फिकट हिरवी, गुबगुबीत वांगी याच दिवसांत बाजारात येतात. या वांग्यांना २०१६ साली भौगोलिक मानांकनही मिळाले. ही वांगी गॅसच्या ज्योतीवर भाजली तर खरा खानदेशी माणूस नाक मुरडतो. शेतात कपाशीच्या किंवा तुरीच्या वाळलेल्या काड्यांचा जाळ करायचा, त्यात वांगी टाकायची, साल काळी पडून आतला गर मऊ झाला की ती बाहेर काढायची. कोणी साल सोलतो, कोणी मिरच्या आणि लसूण ठेचतो, कोणी कांद्याची पात चिरतो. लाकडी बडगीत मुसळाचे घाव सुरू होतात तेव्हा मनगटात जोर असलेल्या पोरांचा क्रम लागतो. सोबतीला कळण्याची भाकरी किंवा पुरी. पन्नास माणसांचे भरीत असे बघता बघता तयार होते, आणि ते कोणा एकाने केले असे सांगता येत नाही.

विदर्भात हेच स्थान रोडग्यांना आहे. गव्हाच्या जाडसर पिठाचे मोहन घालून मळलेले गोळे गोवऱ्यांच्या विस्तवात पुरायचे, मधूनमधून उलटायचे, वरची राख झटकून तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या भाजीबरोबर, वरणाबरोबर खायचे. पळसाच्या पानांत लपेटून भाजलेले पानगे हे त्यांचेच भावंड. नवस फेडायला देवस्थानी गेलेली कुटुंबे गोवऱ्या रचून बसतात तेव्हा घरी चहाचा कपही न उचलणारे पुरुष विस्तवापाशी घाम गाळताना दिसतात. रायगडमधील पोपटीचा थाट निराळा. मडक्याच्या तळाशी भांबुर्ड्याचा पाला, त्यावर मीठ-ओवा चोळलेल्या वालाच्या शेंगा, बटाटे, तोंडाशी पुन्हा पाला कोंबून मडके उपडे ठेवायचे आणि भोवती पेंढा-लाकडे रचून पेटवायचे. आत पाण्याचा थेंब नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या ओलाव्यावर सारे शिजते. मडके केव्हा काढायचे हे वासावरून ओळखणारा एखादा जाणता माणूस प्रत्येक वाडीत असतो आणि त्या रात्रीपुरता त्याचा शब्द अंतिम असतो. देशावर ज्वारीचा हुरडा भाजणाऱ्या आगटीभोवतीही असेच रिंगण धरले जाते. हुरड्याच्या या बैठकीला आता तिकीट लागते, तिथे झोपाळे आणि सजवलेल्या बैलगाड्याही असतात. त्याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही, शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. मात्र तिथे गेलेला शहरी माणूस खातो तेवढाच, कणसे भाजायला आणि चोळायला बसत नाही, एवढे लक्षात ठेवलेले बरे.

भरीत, रोडगे, पोपटी आणि हुरडा यांत माणसे जवळ येतात ती विस्तवाच्या उबेने जितकी, तितकीच हातात आलेल्या कामाने. ज्याच्या वाट्याला काम आले त्याला जागा मिळाली. आजोबांनी काड्या मोडल्या, नातवाने फुंकर घातली, सुनेने मीठ चाखून पाहिले, आणि तोवर गप्पा रंगल्या. या रिंगणात गावातील प्रत्येकाला सारखीच जागा होती असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून होणार नाही. शेतात राबणारे काही हात आगटीपासून चार पावले दूर बसवले जात, ही गोष्ट विसरून परंपरेचे गोडवे गाणे हा समरसतेची भाषा बोलणाऱ्यांना शोभणारा व्यवहार नव्हे.

आता या उघड्यावरच्या विस्तवाकडून घरातील चुलीकडे वळावे. चुलीवरच्या भाकरीची आठवण निघाली की भल्याभल्यांचा गळा दाटून येतो. आईच्या हातची, तव्यावरून उतरवून निखाऱ्याला टेकवलेली, टम्म फुगलेली ती भाकरी. ही आठवण खरीच आहे. पण त्या चित्रात आई कुठे आहे, हे एकदा नीट पाहावे. बाजरीची भाकरी गरम असतानाच खावी, गार झाली की ती कडक होते आणि तिची चव जाते. म्हणून घरातील प्रत्येकाला ताटात गरम भाकरी मिळावी यासाठी एकीने विस्तवासमोर बसून राहावे लागते. सगळे उठल्यावर ती स्वतःसाठी ताट घेते तेव्हा विस्तव विझत आलेला असतो आणि टोपलीत उरलेली असते ती गार भाकरी. आयुष्यभर दुसऱ्यांना गरम वाढणाऱ्या कितीतरी बायकांच्या वाट्याला गरम भाकरी आली ती माहेरपणातच. घराचे एकत्र जेवण म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या पंगतीत घरातील एक माणूस बहुधा नसतेच.

शिवाय धूर. ओल्या लाकडांनी आणि गोवऱ्यांनी डोळ्यांना पाणी आणणारी, छातीत साठणारी ती काजळी साहित्यात फारशी उतरली नाही, पण घराघरांतील म्हाताऱ्यांच्या खोकल्यात ती ऐकू येत असे. १ मे २०१६ रोजी उत्तर प्रदेशातील बलिया येथे पंतप्रधान उज्ज्वला योजनेचा प्रारंभ झाला आणि त्यानंतर १० कोटींहून अधिक गॅसजोडण्या गरीब कुटुंबांतील महिलांच्या नावे दिल्या गेल्या. सिलिंडर पुन्हा भरून घेण्याची ओढाताण अनेक घरांत अजून आहे, हेही खरे. तरीही स्वयंपाकघरातील धूर हा राष्ट्रीय प्रश्न आहे, हे या योजनेने मान्य करून घेतले. आज एखाद्या ढाब्यावर ‘चुलीवरचे जेवण’ अशी पाटी वाचून गाडी थांबवणाऱ्यांनी ज्यांच्या घरची चूल नुकतीच विझली आहे त्या बाईला तिच्याबद्दल विचारून पाहावे. तिला तिची आठवण येत नाही.

धूर गेला, पण कामाची वाटणी होती तशीच राहिली. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने २०१९ साली देशभर घेतलेल्या वेळेच्या वापराच्या पाहणीत ८१.२ टक्के स्त्रिया घरातील विनामोबदला कामात सहभागी असल्याचे आढळले, पुरुषांत हे प्रमाण २६.१ टक्के होते. सहभागी स्त्रिया या कामासाठी दिवसाला सरासरी २९९ मिनिटे देत होत्या, पुरुष ९७. हे आकडे मांडले की पाश्चात्त्य स्त्रीमुक्तीची भाषा येथे आणू नका, अशी हरकत कोणीतरी घेते. सर्वांनी मिळून मुसळ चालवण्याची, रोडगे उलटण्याची रीत पश्चिमेतून आलेली नाही. जी रीत शेतात आणि देवळाच्या आवारात चालते, तिला घराच्या उंबऱ्यावर कोण अडवतो, हा प्रश्न आपल्याच परंपरेच्या पोटातून निघतो.

शहरातील घरांची अवस्था आणखी वेगळी. सदनिकेत चूल नाही, विस्तव नाही आणि जेवणाची समान वेळही नाही. मुलगा शिकवणीहून साडेनऊला येतो, वडील त्यानंतर, आजी सातलाच जेवून खोलीत गेलेली. प्रत्येकाचे ताट झाकून ठेवलेले, प्रत्येकासमोर भ्रमणध्वनीचा पडदा. अन्न गरम करणारे यंत्र आहे, म्हणून एकमेकांसाठी थांबण्याची गरज उरलेली नाही. ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह हा यातील आरोपी नव्हे. तिसऱ्या मजल्यावर गोवऱ्या पेटवता येणार नाहीत; तिथे रोडगे ओव्हनमध्ये भाजले म्हणून संस्कृती बुडत नाही. चाळीस मिनिटे तो दरवाजा उघडायचा नसतो, आणि त्या चाळीस मिनिटांत तुपाचे पातेले वितळवत, भाजी ढवळत चार माणसे ओट्याशी उभी राहिली तर तीही आगटीच. एकट्या गृहिणीने सारे करून, सजवून, हाका मारून सर्वांना टेबलाशी बोलावले, तर मात्र फक्त इंधन बदलले असे म्हणावे लागेल.

हा विषय कार्यकर्त्याच्या घरापर्यंत नेल्याशिवाय पुरा होत नाही. समाजाला कुटुंबव्यवस्थेचे महत्त्व सांगणारा कार्यकर्ता स्वतः किती संध्याकाळी घरी असतो? शाखा, बैठका, संपर्क, प्रवास आणि रविवारी वर्ग. ध्येयासाठी घर मागे ठेवण्याची ही वृत्ती वंदनीय आहे आणि तिच्याशिवाय कोणतेही संघटन उभे राहिले नसते. पण या त्यागातील मोठा वाटा घरात राहिलेल्यांनी उचलला. संघटनेच्या कामाचा आढावा घेताना शाखांची संख्या नोंदली जाते, वर्गांतील उपस्थिती नोंदली जाते. रात्री दहाला बैठकीहून आलेल्या चार पाहुण्यांसाठी पुन्हा परात पुढे ओढणाऱ्या गृहिणीची नोंद कोणत्याही वृत्तात होत नाही. प्रचारकांच्या दोन पिढ्या अशा घरांतील गरम भाकरीवर जगल्या. ती भाकरी थापणारीच्या मुलांनी वडिलांना जेवताना किती वेळा पाहिले, हे त्या मुलांनाच विचारावे. अनेकांच्या उत्तरात अभिमान असेल. काहींच्या उत्तरात थोडा सलही असेल, आणि तो ऐकून घेण्याची तयारी हवी.

संघाच्या शताब्दीनिमित्त मांडल्या गेलेल्या पंच परिवर्तनात कुटुंब प्रबोधनाला स्थान मिळाले आहे. भाषा, भूषा, भजन, भोजन, भवन आणि भ्रमण या सहा गोष्टींतून घराचे घरपण टिकते, असे या कामात सांगितले जाते. आठवड्यातून एकदा सर्व कुटुंबाने एकत्र बसावे, बोलावे, जेवावे असा आग्रहही धरला जातो. आग्रह योग्यच आहे. त्यात एका शब्दाची भर घालता येईल: जेवावे, त्याआधी रांधावे. तैत्तिरीय उपनिषदाच्या भृगुवल्लीत भृगूला ब्रह्माची पहिली ओळख झाली ती अन्नाच्या रूपात. ते अन्न हाताळण्याचा अधिकार घरातील एकीकडेच ठेवून इतरांनी नुसते पानावर बसायचे, यात तिचा सन्मान किती आणि इतरांची सोय किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. ज्या मुलाने भाकरी थापताना ती तीन वेळा मोडली, तो चौथ्या वेळी आईच्या ताटात गरम भाकरी वाढेल तेव्हा त्या घरात वेगळे बौद्धिक घ्यावे लागणार नाही.

मकरसंक्रमण हा संघाच्या सहा उत्सवांपैकी एक. शाखेवर तिळगूळ वाटला जाईल, गोड बोलण्याचे आवाहन होईल. ते लाडू कोणाकोणाच्या घरी वळले गेले, पाक कोणी केला, तीळ कोणी भाजले, गरम पाकाने कोणाचे तळहात लाल झाले, याची चौकशी या वेळी मुख्य शिक्षकाने सहज म्हणून करावी. आदल्या सायंकाळी चार स्वयंसेवकांनी त्या घरी जाऊन स्वतः लाडू वळले तर आणखी बरे. पाक निवायच्या आत हात चालवावे लागतात, त्यामुळे चर्चा लांबणार नाही. मात्र ती सायंकाळ भोगीची असते. त्यासाठी त्या दिवशी कोणतीही बैठक ठेवू नये, अशी नोंद नगर कार्यवाहांनी आताच आपल्या वहीत करून ठेवायला हरकत नाही.